चपळांची नावे छापताना

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा ओसरू लागला की वेताळ टेकडी, तळजाई, पाषाण तलाव इथल्या फुलपाखरांचे फोटो आपल्या पानांवर दिसू लागतात. सप्टेंबर हा देशभर फुलपाखरांच्या नोंदींचा महिना म्हणून २०२० पासून पाळला जात असल्याने त्यात भरच पडली आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. आमचे म्हणणे एका कुळापुरते आहे. ते कुळ हेस्पेरिडी, इंग्रजीत स्किपर. मराठीत या कुळासाठी ‘चपळ’ हे नाव आता बऱ्यापैकी रुळले आहे. २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान मिळालेले ब्लू मॉर्मन शाळकरी पोरेही ओळखतात, पण भारतातल्या फुलपाखरांच्या जातींपैकी जवळपास पाव हिस्सा, म्हणजे ३०० हून अधिक जाती ज्या कुळात आहेत, त्यातल्या कुणाचाही फोटो आला की खालची ओळ हमखास घसरते. कधी ‘मातकट पतंग’ असे छापले जाते, कधी इंग्रजी नावाचे शब्दशः भाषांतर केले जाते, तर कधी त्या फोटोवरून जाणकारालाही ओळखता येणार नाही अशी जात ठामपणे सांगितली जाते.

आधी पतंगाचे बघू. रंग मातकट, अंग जाडसर आणि केसाळ, म्हणून हा समज होतो. फोटो मोठा करून मिशा पाहाव्यात. पतंगाच्या मिशा बहुधा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. चपळाच्या मिशा टोकाला फुगतात आणि त्या फुगीर भागाचे टोक आकडीसारखे मागे वळलेले असते. दोन्ही मिशांची मुळेही एकमेकींपासून चांगली दूर असतात, कारण डोके जवळजवळ छातीइतके रुंद असते. एवढे दिसले की ‘पतंग’ हा शब्द खोडायला हरकत नाही.

बसण्याची ढबही कामाला येते. फ्लॅट म्हणवणारे चपळ पंख सपाट पसरून बसतात, पुष्कळदा पानाच्या खालच्या अंगाला उलटे. सगळ्यात जास्त वेळा पतंग ठरवले जातात ते हेच. ऑल या गटातले पंख मिटून पानाखाली दडतात. गवतावर वाढणाऱ्या मोठ्या गटाची तऱ्हा वेगळीच. ऊन खाताना मागचे पंख आडवे आणि पुढचे अर्धे उभारलेले, अगदी लढाऊ विमान उभे असल्यासारखे. अशी बैठक दुसऱ्या कुठल्याही फुलपाखराची नसते. पक्ष्याच्या वाळलेल्या विष्ठेवर बसून, स्वतःच्याच पोटातून थेंब सोडून ती भिजवणारे आणि मग सोंडेने शोषणारे फुलपाखरू दिसले, तर तेही बहुधा याच कुळातले. हा फोटो छापायला संपादकांचे मन धजेल की नाही ते माहीत नाही, पण त्यात क्षार मिळवण्याचा साधा व्यवहार आहे.

आता नावे. भारतीय फुलपाखरांची आज चालणारी बरीच इंग्रजी नावे ब्रिगेडिअर डब्ल्यू. एच. इव्हान्स यांच्या १९२७ साली निघालेल्या ओळख-पुस्तकामुळे रूढ झाली. हे लष्करी गृहस्थ चपळ कुळाचेच खास अभ्यासक होते. त्यांच्या पद्धतीत साधारणपणे एकेका प्रजातीला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, एक शब्द मिळाला, स्विफ्ट, डार्ट, बॉब, एस, ऑल, फ्लॅट, अँगल, हॉपर, डेमन, रेडआय, आणि त्यामागे एखादे विशेषण लागले. म्हणजे हे शब्द आडनावासारखे आहेत. त्यांचा शब्दकोशातला अर्थ लावत बसले की घोटाळा होतो.

स्विफ्टचे ‘पाकोळी’ केले की पक्षिमित्र आकाशात बघू लागतात, कारण मराठीत पाकोळी हा पक्षी. आणि कोकणातला वाचक म्हणतो, पाकोळी म्हणजे कुठलेही फुलपाखरू! हॉपरचे भाषांतर तर चक्क धोक्याचे. बुश हॉपर, अम्पिट्टिया डायोस्कोरिडीस, हे भातखाचरांच्या आसपासच्या ओलसर गवतात राहणारे पिटुकले, नारिंगी-पिवळ्या ठिपक्यांचे फुलपाखरू आहे. त्याला ‘झुडपी तुडतुडा’ म्हटले, की मावळ-मुळशीतल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर रस शोषून भात करपवणारे तुडतुडे उभे राहणार. रिस्ट्रिक्टेड डेमनचा ‘मर्यादित राक्षस’ करण्याबद्दल काय बोलावे! त्यातले ‘रिस्ट्रिक्टेड’ हे पुढच्या पंखावरच्या पांढऱ्या पट्ट्याबद्दल आहे. तो पट्टा पंखाच्या वरच्या कडेपर्यंत पोचत नाही, इतकेच.

बरे, इंग्रजी नावे तरी खाद्यवनस्पतीशी इमान राखतात का? डार्क पाम डार्टची अळी बांबूवर वाढते, पामवर नाही. ग्रास डेमन आपल्याकडे सापडतो तो हळद, आले, सोनटक्का यांवर. आणि इंग्रजी नाव सगळीकडे एकच असते असेही नाही. ब्राऊन ऑल, म्हणजे बेहड्याच्या कोवळ्या पालवीवर वाढणारा बदामिया एक्सक्लमेशनिस, ऑस्ट्रेलियात ‘अरुंद पंखांचा ऑल’ या अर्थाच्या नावानेही ओळखला जातो. उलट शास्त्रीय नावे आपल्या कानाला अजिबात परकी नाहीत. एकोणिसाव्या शतकात फ्रेडरिक मूर यांनी ठेवलेली सारंगेसा दशहरा, सारंगेसा पुरेंद्र, कोलाडेनिया इंद्राणी ही नावे पाहा. या तिन्ही जाती सह्याद्रीत आहेत. ‘कॉमन स्मॉल फ्लॅट’पेक्षा ‘दशहरा’ लक्षात ठेवायला सोपे नाही का?

म्हणून पहिली विनंती ही की मराठी नाव कोणतेही वापरा, शेजारी शास्त्रीय नाव देवनागरीत द्या. मराठी नाव ठेवायचेच तर ते डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेवरून किंवा झाडावरून ठेवावे असे आमचे मत. हसोरा क्रोमसला ‘करंजावरचा पट्टेरी चपळ’ म्हटले तर रस्त्याकडेच्या करंजाच्या कोवळ्या पानांवर त्याची अळी शोधता येते आणि मिटलेल्या मागच्या पंखावरचा पांढरा पट्टा पाहून खात्रीही करता येते. अर्थात झाडाचे नाव एकट्याने पुरत नाही. हळदीवर ग्रास डेमन वाढतो तसा रिस्ट्रिक्टेड डेमनही वाढतो.

दुसरी विनंती फोटोओळीत संयम ठेवण्याची. काही जाती एका फोटोवर पक्क्या ओळखता येतात. स्पायालिया गाल्बा, म्हणजे इंडियन स्किपर: जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, काळपट पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची पखरण, टेकडीवर चिकण्याच्या आसपास आणि एकदांडीच्या फुलावर. इंडियन पाम बॉब, स्वास्टस ग्रेमियस: मागच्या पंखाची खालची बाजू राखट आणि तिच्यावर गोल काळे टिपके. सोसायटीच्या दारातल्या शोभेच्या पामवर याची अळी पात्यांच्या कडा शिवून राहते. ग्रास डेमनच्या मागच्या पंखावर मधोमध मोठा पांढरा डाग असतो, त्यात चूक होत नाही.

स्विफ्टचे मात्र तसे नाही. सगळे तपकिरी, सगळ्यांच्या पुढच्या पंखावर अर्धपारदर्शक पांढरे ठिपके. स्मॉल ब्रँडेड स्विफ्ट, पेलोपिडास मथायस, याच्या नराच्या पुढच्या पंखावर वरच्या बाजूने गंधपेशींची बारीक तिरकी राखाडी रेघ असते. राइस स्विफ्ट, बोर्बो सिनारा, याच्या नराला ती नसते. पण मादीला ती मथायसमध्येही नसते. त्यातही मथायस आणि त्याचा जवळचा भाऊ अग्ना यांना वेगळे करायचे तर पंखाच्या मधल्या कक्षातले दोन ठिपके मनाने जोडून रेष खाली वाढवायची आणि ती नराच्या त्या राखाडी रेघेला कुठे भेटते ते पाहायचे. पंख मिटलेल्या, पंचेचाळीस अंशांतून घेतलेल्या मोबाइलच्या फोटोत हे कसे दिसणार? अशा वेळी ‘स्विफ्ट गटातला चपळ’ एवढेच छापावे. ते अपुरे असले तरी खोटे नाही. पोटँथस प्रजातीतले पिवळे डार्ट तर नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय पुष्कळदा सुटतच नाहीत, त्यामुळे तिथे फोटोवरून नाव देणाऱ्याने जपून राहावे.

वाचकांकडून फोटो मागवताना तीन गोष्टी मागितल्या तर निम्मे काम होईल. मागच्या पंखाच्या खालच्या बाजूचा सरळ समोरून घेतलेला फोटो, पुढच्या पंखाच्या वरच्या बाजूचा दुसरा, आणि तारीख-ठिकाणासह झाडाचे नाव. वरची बाजू टिपायला सकाळचे कोवळे ऊन बरे. तेव्हा चपळ अंग शेकत पंख उघडे ठेवतात. ऊन चढले की फुलांवरची धावपळ सुरू होते आणि पंख मिटलेले असतात.

तिसरी विनंती बागकाम आणि शेतीच्या सदरांसाठी. इथे नावाच्या गोंधळाचे थेट पैसे मोजावे लागतात. ‘पाने गुंडाळणारी अळी’ हा एकच शब्दप्रयोग भातात आणि हळदीत वापरला जातो, पण भातातली कुप्रसिद्ध पाने गुंडाळणारी अळी पतंगाची आहे, तिचे नाव नॅफलोक्रोसिस मेडिनॅलिस. ती पान दुमडून आतला हिरवा भाग खरवडते, त्यामुळे पानावर लांबट पांढरे, कागदी पट्टे पडतात. अळी बारीक असते आणि डिवचली की वळवळत सटकते. भातावरच्या स्विफ्टची अळी पान कडेने कुरतडत आत येते, कधी नुसती मधली शीर राहते. तिचे डोके मोठे, मान आवळल्यासारखी बारीक आणि चाल संथ. मथायसच्या अळीच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना तांबूस उभा पट्टा दिसतो. स्विफ्टच्या अळ्या खाचरात सहसा थोड्याच असतात, परजीवी माश्या आणि गांधीलमाश्या त्यांना आवरतात. पान गुंडाळलेले दिसले म्हणून सरसकट फवारले की आधी मरतात ते हे राखणदारच. आणखी घोळ म्हणजे इंग्रजीत राइस स्विफ्टलाही ‘राइस लीफ फोल्डर’ म्हटलेले आढळते, तेव्हा इंग्रजी मजकुरावरून सल्ला उतरवताना शास्त्रीय नाव तपासावेच.

हळदीचे तसेच. पातोळ्यांसाठी पान तोडायला गेले की सुरळी सापडते ती बहुधा ग्रास डेमनची, उदास्पेस फोलसची. लहान अळी पानाच्या कडेला दोन छेद देऊन तेवढी पट्टी उलटवते, रेशमाचे टाके घालते. टाके वाळताना आखडतात आणि पट्टी आपोआप ओढली जाते. मोठी झाली की मोठी सुरळी करते. सुरळी उघडली तर आत गुळगुळीत हिरवी, काळ्या डोक्याची अळी मिळेल, पण तिच्या मानाने घाण फार कमी, कारण चपळांच्या अळ्या विष्ठा जोराने लांब उडवतात. वासावर येणाऱ्या गांधीलमाश्यांना पत्ता लागू नये, हा त्यातला फायदा.

कुंडीत किंवा परसात आठ-दहा रोपे असतील तर दोन-चार सुरळ्यांनी हळदीचे काही बिघडत नाही. कंद पोसायला उरलेली पाने पुरतात. नकोच असेल तर सुरळी हाताने उघडून अळी सोनटक्क्यावर ठेवावी. निंबोळी अर्कही मारू नये, औषधाची तर बातच नको. खरा शत्रू वेगळा दिसतो. मधला पोंगा पिवळा पडून वाळतो, खोडाला भोक असते आणि भोकातून ओलसर विष्ठा बाहेर येते. तो खोडकिडा, पतंगाची अळी, आणि त्याचा बंदोबस्त वेळेवर करावाच लागतो. नारळाच्या पानांवर पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्या लावलेल्या अळ्या दिसल्या तर पिठ्या ढेकूण समजून फवारू नये. ती जायंट रेडआय, गंगारा थिर्सिस, पंख पसरल्यावर सात सेंटिमीटर भरणारा, लाल डोळ्यांचा, दिवेलागणीला उडणारा चपळ.

तेव्हा ‘हळदीची पाने गुंडाळली जात आहेत, काय फवारू?’ असा प्रश्न आपल्या सदरात आला, तर उत्तर देणाऱ्याने आधी पोंग्याचा आणि खोडाचा फोटो मागवावा. तिथे भोक नसेल तर औषधाचे नाव छापू नये.

आपले,
काही फुलपाखरू निरीक्षक, पुणे