बाबांच्या गोळ्या आणि माझं तिकीट

स्टॉकहोम

प्रिय आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर बाबा "मी बरा आहे गं" म्हणतात आणि लगेच फोन आईकडे देतात. म्हणून लिहायला बसले.

बाबा, आधी माझी चूक. दिवाळीत मी बोलून गेले, "माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीलाही सार्कॉइडोसिसच झाला होता, काही महिन्यांत आपोआप गेला." ते ऐकून तुम्ही गोळ्या सोडल्यात, हे आईने काल सांगितलं. रात्रभर डोळा लागला नाही.

तिच्या आणि तुमच्या आजाराचं नाव एकच, फुप्फुसात नाहीतर इतर अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होतात तोच; पण चाल वेगळी. तिला ताप आला, घोटे सुजले, नडग्यांवर लाल दुखऱ्या गाठी उठल्या. इकडच्या लोकांत हा प्रकार इतका दिसतो की त्याला स्वेन लॉफग्रेन या स्वीडिश डॉक्टरांचंच नाव आहे. तो बहुतेकांचा दोन वर्षांत ओसरतो. आपल्याकडे तो तसा कमी दिसतो. आपल्याकडे येतो तो तुमच्यासारखा: कोरडा खोकला, जिन्यावर धाप, उतरलेलं वजन. एक्स-रे पाहून टीबीच वाटतो. गाठीचा तुकडा तपासेपर्यंत तुमचे एकेटीचे, म्हणजे टीबीच्या औषधांचे, सहा महिने असेच गेले ना?

डेट्रॉइटमधल्या १९९७ च्या अभ्यासात दर लाख गोऱ्यांमागे वर्षाला सुमारे ११ नवे रुग्ण निघाले, कृष्णवर्णीयांत ३५. आणि त्यांच्यात तो जास्त अवयव धरतो, चिवटपणे राहतो. जपानी लोकांत डोळे आणि हृदय धरतो. घाबरवायला सांगत नाही, बाबा. पण डॉक्टरांनी सांगितलेली डोळ्यांची तपासणी आणि ईसीजी तुम्ही खर्च नको म्हणून टाळलंत. त्या दोन्ही याच आठवड्यात करा. गोळ्या सोडल्याचं डॉक्टरांना खरं सांगा आणि ते म्हणतील तशा पुन्हा घ्या, सकाळी नाश्ता झाल्यावर. स्टिरॉइड असं एकदम सोडायचं नसतं.

आई, तुझ्या कॅल्शियमच्या आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या प्रेमाने बाबांना देऊ नकोस. या आजारात रक्तातलं कॅल्शियम आधीच वाढू शकतं. स्टिरॉइडने साखरही चढते, तेव्हा दुपारचा लाडू बंद. आजोबांचं मिरजेचं टीबीचं दुखणं मी विसरले नाही, तुला भीती का वाटते तेही कळतं. पण हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बाबांचं ताट-वाटी परत आपल्या मांडणीत ठेव.

आता रागावू नका. मी तिकीट काढलंय. पुढच्या महिन्यात येतेय, सहा आठवडे. रजा शिल्लकच होती, नोकरीला धक्का नाही, घर समीर बघेल, त्याला स्वयंपाक येतो. तिकीटही स्वस्तात मिळालं. विचारलं असतं तर तुम्ही नकोच म्हणाला असता.

लहानपणी मला खोकला झाला की बाबा छातीला निलगिरीचं तेल चोळून, झोप लागेपर्यंत पाठीवर थापटत बसायचे. त्या हाताचा वास अजून आठवतो. आता माझी पाळी.

माळ्यावरच्या गाद्या काढायला चढू नका, मी सतरंजीवर झोपेन. स्टेशनवर न्यायला येऊ नका, पुलाच्या पायऱ्या फार आहेत. आणि येणारच असाल तर बाहेर रिक्षात बसून थांबा. आईबरोबर. स्वेटर घालून.

तुमची,
छकुली