मोडलेल्या लग्नानंतर मुलीचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बालविवाहमुक्तीची शपथ घेतानाची छायाचित्रे आपल्या अंकात अधूनमधून येतात. हात पुढे केलेल्या शाळकरी मुली, मागे बॅनर, कडेला आम्ही कर्मचारी. अशा पाच-सहा छायाचित्रांत मीही उभा आहे. बीड जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली आपल्या राज्यातल्या खेड्यांत ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. परिपत्रक हातात पडेपर्यंत मलाही नव्हते. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूच्या नोंदी, नळाची गळती, आणि त्यातच हे.

एक लग्न सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, मुलगी ओळखू येईल.

साखर कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, ऊसतोडीच्या टोळ्या गावात परतल्या की वैशाखात आमच्याकडे लग्नांची घाई उडते. अशाच एका सकाळी १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकावरून निरोप आला. मुलगी नववीतली. मी, अंगणवाडीताई आणि दोन पोलीस पोचलो तेव्हा वऱ्हाड यायचे होते, वरणाचे पातेले मात्र चुलीवरून उतरले होते. बापाने आधार कार्ड पुढे केले. त्यावर मुलगी १९ वर्षांची. मुख्याध्यापकांना सुट्टीत घरून बोलावून शाळेचे जनरल रजिस्टर उघडले, तर १५ वर्षे २ महिने. लग्न थांबले. स्वयंपाक वाया जायला नको म्हणून पंगती मात्र उठल्या, पोलीसही जेवले. मी जेवलो नाही, आणि त्याचा तेव्हा मला थोडा अभिमानही वाटला होता.

एक गोष्ट त्या दिवशी नुसती दिसली, तिचा अर्थ मागाहून लागला. मुलीच्या हातांत हिरवा चुडा भरलेला होता. अंगणवाडीताई म्हणाल्या, आता बांगड्या उतरवा, पोरीला शाळेत जायचंय. आजीने नातीची दोन्ही मनगटे धरून ठेवली. "भरलेला चुडा असा उतरवत नसतेत, बाई." ताई गप्प झाल्या. पुढे बाल कल्याण समितीपुढे मुलीला उभे केले तेव्हाही तो चुडा हातात होता. १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असे हमीपत्र आई-बापाने लिहून दिले आणि मी मासिक अहवालात 'रोखलेले बालविवाह : १' असे भरले. तीन आठवड्यांनी मामाच्या गावी, दुसऱ्या तालुक्यात, पहाटेच्या वेळी चार माणसांत तिचे लग्न लागले. अहवालातला आकडा मागे घ्यायला रकाना नव्हता.

यात कायदा अपुरा होता असे म्हणायची सोय मला नाही. कलम १३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घेता येतो, आणि तो असताना लावलेले लग्न कलम १४ प्रमाणे मुळातूनच रद्दबातल ठरते. एरवी बालविवाह हा गुन्हा असला तरी लग्न आपोआप रद्द होत नाही. ते रद्द करून घ्यायला त्या मुलीनेच कोर्टात जायचे, तेही सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. सासरी नांदणारी, कडेवर मूल असलेली १९ वर्षांची पोर जिल्ह्याच्या कोर्टाची पायरी चढणार कधी? तेव्हा हुकूम लग्नाआधी हवा. मी तो मागितला नाही. एकतर माहीत असून सुचले नाही, आणि दुसरे म्हणजे ज्या सरपंचाच्या सहीशिवाय माझे एकही काम पुढे सरकत नव्हते तो मुलीच्या बापाच्या भावकीतला. हमीपत्र दोघांच्याही सोयीचे होते.

पण माझ्या मनात अडकून राहिला आहे तो बापाचा प्रश्न. हमीपत्रावर सही करताना तो म्हणाला, "भाऊसाहेब, दसऱ्याला आमी फडावर जाणार. तवा पोरगी तुमच्या घरी ठिवू का?" त्यात टोमणा नव्हता. तो खरोखरच विचारत होता.

शहरातल्या वाचकांसाठी थोडे उलगडून सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाचा अर्धा. मुकादमाकडची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर ठरते. टोळी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात सहा महिने राहते. वयात आलेली मुलगी गावात मागे ठेवावी तर घरात म्हातारे माणूस हवे. बरोबर न्यावी तर तिकडे कोपी, म्हणजे ताडपत्रीची नाहीतर पाचटाची झोपडी. तिला धड दार नाही, कडी तर नाहीच. आई-बाप पहाटे अंधारात फडात जातात आणि मुलगी भावंडे नि चूल सांभाळत दिवसभर एकटी. लग्न लावून दिले की ही काळजी दुसऱ्याच्या दारात जाते, आणि त्या दुसऱ्याच्या मुलाचा अर्धा कोयता पुरा होतो. शिवाय मुलगी जितकी मोठी आणि शिकलेली तितका हुंडा चढा. या बापाचे वागणे बरोबर होते असे मी म्हणत नाही. पण त्याला अडाणी ठरवून आम्ही जीप वळवली आणि त्याचा प्रश्न तिथेच राहिला.

गावात हंगामी वसतिगृह होते की, असे कोणी म्हणेल. होते. त्यात आठवीपर्यंतचीच मुले घेत, आणि एका वर्षी तर त्याची मंजुरी टोळ्या गेल्यावर, दिवाळीनंतर आली. आमची मुलगी नववीत होती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांचे लग्न अठराच्या आत झाले त्यांचे प्रमाण देशात २३.३ टक्के, महाराष्ट्रात २१.९ आणि आमच्या बीडमध्ये ४३.७ आहे. युनिसेफच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे १ कोटी २० लाख मुलींची लग्ने अशी होतात. संयुक्त राष्ट्रांनी ही प्रथा संपवायला २०३० ची मुदत घातली आहे, आणि २०२३ मध्ये युनिसेफनेच हिशेब मांडला की या चालीने ३०० वर्षे लागतील. (बीडचे नाव निघाले की मान खाली जाते. मात्र अमेरिकेतही २०१८ मध्ये डेलावेअर राज्याने बंदी घालेपर्यंत एकाही राज्यात अठराखालच्या लग्नाला सरसकट मनाई नव्हती, हे वाचल्यापासून मी ती निदान अर्धीच खाली घालतो.)

निवृत्तीनंतर या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. इथिओपियाच्या अम्हारा प्रांतात २००४ मध्ये एक कार्यक्रम सुरू झाला. मुलीचे लग्न न करता तिला दोन वर्षे कार्यक्रमात टिकवली, तर कुटुंबाला एक शेळी नाहीतर मेंढी द्यायची आणि शाळेच्या वह्या-पेन्सिली पुरवायच्या. १० ते १४ वयाच्या मुलींची लग्ने त्याने खूप घटली. पंधरापुढच्या मुलींबाबत मात्र तसे घडले नाही. बांगलादेशाने १९९४ पासून मुलींना माध्यमिक शाळेसाठी विद्यावेतन दिले, अट अशी की हजेरी ७५ टक्के हवी आणि मुलगी अविवाहित हवी. शाळा मुलींनी भरल्या. तरी तिथे आजही जवळजवळ निम्म्या मुलींची लग्ने अठराच्या आत होतात, आणि २०१७ च्या कायद्यात 'विशेष परिस्थिती'ची पळवाट ठेवलेली आहे. म्हणजे नुसत्या पैशानेही भागत नाही. मला सर्वांत जवळची वाटली ती आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या डेड्झा जिल्ह्यातली प्रमुख थेरेसा काचिंदामोतो. त्या बाईंनी शेकडो बालविवाह मोडले आणि अशी लग्ने होऊ देणाऱ्या आपल्या हाताखालच्या गावप्रमुखांना पदावरून दूर केले, हे सगळीकडे छापून आले. त्यापुढचे काम कमी सांगितले जाते. मोडलेल्या लग्नातली मुलगी त्यांनी शाळेत परत पाठवली, फीची सोय पाहिली, आणि ती पुन्हा शाळेतून काढली जात नाही ना यावर नजर ठेवायला गावोगाव माणसे ठेवली. आमच्याकडे लग्न मोडल्यानंतरचे हे काम कोणाचेच नाही.

आपल्याकडच्या रखमाबाईंचेच पाहा. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले, 'ए हिंदू लेडी' या सहीने १८८५ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाला पत्रे लिहिली, आणि १८८७ मध्ये कोर्टाने नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असे सांगितले तेव्हाही ती डगमगली नाही. तिच्या धैर्याबद्दल आपण बोलतो ते योग्यच. पण ती राहत होती सावत्र वडिलांच्या, डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी. नकार द्यायला तिच्या पाठीशी एक घर होते. आमच्या मुलीच्या मागे सहा महिने कुलूप लावलेले घर होते.

म्हणून माझे मागणे साधे आहे. नोव्हेंबर २०२४ पासून 'बालविवाहमुक्त भारत' मोहीम चालू आहे, शपथा घेतल्या जात आहेत, त्या घ्याव्यात. पण ऊसतोड कामगारांच्या मुलींची वसतिगृहे दसऱ्याच्या आधी उघडावीत आणि बारावीपर्यंतच्या मुली तिथे घ्याव्यात. लग्न थांबवले की हमीपत्रावर न थांबता मनाई हुकूम मागावा, आणि तो मागण्याचे काम एकट्या ग्रामसेवकाच्या गळ्यात न घालता तालुक्याच्या अधिकाऱ्याने करावे. आणि एक विनंती आपल्याला. 'प्रशासनाने रोखला बालविवाह' ही बातमी आपण छापता. सहा महिन्यांनी आपल्या वार्ताहराला तिथे परत पाठवा. मुलीचे नाव छापू नका. ती कोणत्या शाळेच्या हजेरीपटावर आहे, की कुठल्याच नाही, एवढेच छापा.

मी स्वतः असा शोध कधी घेतला नाही. ती मुलगीच माझ्या टेबलापाशी आली. पहिले बाळंतपण माहेरी, आणि तेही घरीच झाले होते. दवाखान्यात नेले असते तर वयावरून पोलीस आले असते. दीड महिन्याचे बाळ आजीच्या मांडीवर होते आणि नोंद करायला तिचा बाप पुढे झाला. जन्माच्या अर्जात एक रकाना असतो, 'विवाहाच्या वेळी आईचे वय'. मी पेन धरून थांबलो. त्याने तेच आधार कार्ड पुन्हा टेबलावर ठेवले. तिच्याकडे पाहिले तर ती भिंतीवरचा आमच्या मोहिमेचा फलक वाचत होती. रकान्यात मी १९ लिहिले.

कळावे,
एक निवृत्त ग्रामसेवक, जि. बीड
(नाव-पत्ता आपल्यापाशी दिला आहे, तो छापू नये.)