निळी प्रत परत आली का?

संपादक महोदय,

ओढ्यात रासायनिक कचरा ओतणारा टेम्पो पकडल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. चालक कुठला, टेम्पो कुणाचा, गुन्हा कोणत्या कलमाखाली, सगळं त्यात होतं. तो कचरा कोणत्या कारखान्यातून निघाला, एवढं मात्र नव्हतं. माझ्या मते बातमीतलं मोठं नाव तेच होतं.

हे मी बोलू शकते, कारण एकदा ते नाव आमचं होतं. मी एका लहान छापखान्यात भांडार सांभाळते. शाई, कागद, प्लेटा आत येतात त्या माझ्या सहीनं, आणि शाईचा गाळ, सॉल्व्हंटने भिजलेल्या चिंध्या, रिकामे ड्रम बाहेर जातात तेही माझ्याच सहीनं. एका सकाळी निरीक्षक आले आणि त्यांनी मोबाइलवरचा फोटो माझ्यासमोर धरला. झाकण नसलेला ड्रम पाण्याच्या कडेला आडवा पडलेला, तोंडाशी काळपट थर वाळलेला. अंगावर आमच्या छापखान्याचं लेबल, आणि लेबलवर माझ्या अक्षरातली तारीख. पाण्यानं कडा विरघळल्या होत्या, पण अक्षर माझंच. पोटात गोळा आला.

मी घाईघाईनं कचरा उचलणाऱ्या ठेकेदाराची पावती काढून दाखवली. ‘माल मिळाला’, शिक्का, सही. ते म्हणाले, “मिळाला, बरोबर. पण पुढे गेला कुठे?” पावतीवर ते कुठेच नव्हतं. ठेकेदारानं तो माल दुसऱ्या टेम्पोवाल्याकडे दिला होता आणि त्या टेम्पोवाल्याचा फोन लागत नव्हता. नोटीस आमच्या नावानं आली. योग्यच होतं ते. पैसे मोजून कचरा दाराबाहेर काढला म्हणजे सुटलो, या समजुतीत मी कित्येक वर्षं काढली होती.

२०१६च्या धोकादायक कचरा नियमांत अशा कचऱ्यासोबत जाणाऱ्या मॅनिफेस्टच्या, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला याची नोंद ठेवणाऱ्या कागदाच्या, सात प्रती सांगितल्या आहेत, प्रत्येकीचा रंग वेगळा. पांढरी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाते. पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन आपण ठेवायची. उरलेल्या पाच गाडीबरोबर जातात. त्यातली गुलाबी कचरा उतरवून घेणारा ठेवतो, नारिंगी वाहतूकदाराला देतो, हिरवी मंडळाला पाठवतो, आणि निळी आपल्याकडे परत धाडतो. राखाडी लागते ती कचरा दुसऱ्या राज्यात गेला तरच. या सगळ्यांत माझ्या लेखी निळीला सर्वांत जास्त मोल आहे. आपला कचरा पोहोचला, हे तो प्रत्यक्ष घेणाऱ्याच्या सहीनं सांगणारा कागद तोच. पिवळी प्रत फायलीत आहे आणि निळी नाही, तर कचरा अजून रस्त्यात आहे असंच मी धरते आणि फोन करत राहते.

असा कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. मुदत जवळ आली की मालक घाई करतात आणि सर्वांत स्वस्त दर देणाऱ्याला बोलावतात. तिथेच घात होतो. २००६ मध्ये ‘प्रोबो कोआला’ या जहाजावरचा कचरा ॲमस्टरडॅममध्ये उतरवण्याचा वाढीव दर ट्राफिगुरा या तेलाचा व्यापार करणाऱ्या कंपनीनं नाकारला. पुढे तो पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टच्या आबिजान शहरात एका नवख्या स्थानिक ठेकेदाराला अगदी कमी दरात दिला गेला. त्यावर प्रक्रिया करायची सोयच त्या ठेकेदाराकडे नव्हती. कचरा शहरात जागोजागी ओतला गेला आणि हजारो माणसं दवाखान्यांत पोहोचली. नेदरलँड्समधून तो कचरा बेकायदा बाहेर पाठवल्याबद्दल २०१० मध्ये डच न्यायालयानं ट्राफिगुराला १० लाख युरोंचा दंड केला. ब्रिटनमध्ये १९९० चा कायदाच सांगतो की कचरा अधिकृत माणसाच्याच हाती जाईल याची काळजी तो सोपवणाऱ्यानं घ्यायची. दर अर्ध्यावर आला, तर उरलेलं अर्धं काम कोण करणार नाही, हे विचारायला हवं.

आता ठेकेदार आला की मी आधी मंडळाचं अधिकारपत्र मागते. त्यावर आमच्या प्रकारचा कचरा लिहिलाय का आणि मुदत संपलीय का, हे स्वतः वाचते. झेरॉक्सवर भागवत नाही. गाडीचा नंबर लिहून घेते, वजन आमच्या काट्यावर करते आणि निळ्या प्रतीवरच्या वजनाशी ताडून बघते. एकदा ३२ किलोंचा फरक आला. चौकशी केली तेव्हा दोन ड्रम वाटेत दुसऱ्याच गोदामात उतरल्याचं कळलं. ते परत आणवून पोहोचते करेपर्यंत मी बिल अडवून ठेवलं. एक ठेकेदार तर म्हणाला, “ताई, लेबलं काढून द्या, उचलायला बरं पडतं.” त्याला मी दारातूनच परत पाठवला.

छोट्या कारखान्यांत हे काम बहुधा माझ्यासारख्या एखाद्या माणसाकडे असतं, आणि त्याला कुणी काही शिकवलेलं नसतं. औद्योगिक संघटनांनी आपल्या सभासदांच्या भांडारपालांना एक दिवस बसवून ही सात पानं समजावून द्यावीत, अशी माझी मागणी आहे. आणि आपल्या वार्ताहरांना विनंती, की पुढचा टेम्पो पकडला जाईल तेव्हा चालकाच्या नावाबरोबर हेही विचारा: हा कचरा कुणाचा, आणि त्यांच्याकडे निळी प्रत आहे का?

आपली नम्र,
एक भांडारपाल