जुन्या गाड्यांसाठी शहरात एक तरी वेगळा पंप हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात गेल्या पंधरवड्यात एका वाचकांनी असा सल्ला दिला आहे की, घराच्या अंगणात जुन्या मोटारी सांभाळत बसलेल्यांनी त्या भंगारात काढाव्यात आणि शहराची हवा स्वच्छ राहू द्यावी. त्यांचा धुराविषयीचा मुद्दा मी नाकारत नाही. माझ्या गाडीला धूर शुद्ध करणारे कोणतेही यंत्र नाही आणि साठ वर्षांपूर्वीच्या गाडीत ते असणारही नव्हते. मात्र ही गाडी वर्षाकाठी जेमतेम सहाशे किलोमीटर चालते, आणि तिला भंगारात घालून नवी गाडी घेतल्याने नागपूरच्या हवेत मोठा फरक पडेल, असे मला वाटत नाही. अशा गाड्या घरी राखणाऱ्यांपुढची आजची खरी अडचण वेगळीच आहे. ती पंपावर मिळणाऱ्या, इथेनॉल (ऊस, मका यांपासून काढलेले अल्कोहोल) मिसळलेल्या पेट्रोलची आहे आणि तिच्याविषयी आपल्याकडे फारसे कोणी लिहीत नाही.

माझ्याकडे १९६६ सालची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड आहे. ट्रायम्फ कंपनीने १९५९ मध्ये इंग्लंडात आणलेल्या, इटालियन आरेखक जोव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखाटलेल्या हेराल्डचे हे मद्रासला तयार झालेले भावंड. काटेकोर बोलायचे तर ही स्पोर्ट्स कार नव्हे. परंतु १९६२ मध्ये आलेली ट्रायम्फ स्पिटफायर ही अस्सल स्पोर्ट्स कार याच हेराल्डच्या चेसिसवरून (लोखंडी सांगाड्यावरून) बेतलेली होती, त्यामुळे दोघींचे अनेक सुटे भाग आजही एकच आहेत. इंग्लंडात स्पिटफायरचे चाहते उदंड असल्यामुळे ते भाग नव्याने तयार होत राहतात आणि आमच्यासारख्यांची सोय होते. वडिलांनी वापरलेली ही गाडी १९९० च्या दशकात बंद पडली, आणि पुढे चौदा वर्षे कडुनिंबाखाली ताडपत्रीत उभी राहिली. निवृत्तीनंतर मी ती उघडली तेव्हा मागच्या सीटखाली मांजरीने संसार थाटला होता.

हेराल्ड घरी दुरुस्त करता येते याचे कारण तिच्या बांधणीत आहे. आजच्या गाड्यांप्रमाणे तिचे अंग एकसंध नसून ते वेगळ्या चेसिसवर बोल्टांनी बसवलेले आहे. बोल्ट सुटले की छतसुद्धा उचलून बाजूला ठेवता येते, आणि बॉनेट तर मडगार्डांसकट अख्खेच पुढे कलंडते, मग चाकावर बसून इंजिनाला हात घालता येतो. नागपूरची हवा कोरडी असल्याने वरचा पत्रा बराच शाबूत होता. परंतु पाचोळा साचून ओल धरलेल्या डिकीच्या तळाला आणि चेसिसच्या बाहेर आलेल्या हातांना गंजाने पार पोखरले होते. ते हात इतवारीच्या लोहा ओळीतून पत्रा आणून, मूळ तुकड्यावरून पुठ्ठ्याचे माप काढून नवे करून घेतले. या सगळ्याला सहा वर्षे लागली. खर्च किती झाला, हे आमच्या घरात कोणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही.

या गाडीने शिकवलेली एक गोष्ट येथे नमूद करतो, कारण जुन्या गाड्यांच्या बाबतीत केवळ हौस पुरत नाही, हे तिच्यावरून लक्षात येते. हेराल्डच्या पुढच्या चाकांच्या खालच्या सांध्यात ट्रनिअन नावाचा, आतून आटे पाडलेला पितळी भाग असतो. स्टिअरिंग वळवले की त्या आट्यांत चाकाचा उभा दांडा फिरतो. त्यात ग्रीस नव्हे, तर ९० नंबरचे गिअर तेल भरायचे असते. परंतु तेथील निप्पल दिसते अगदी ग्रीसच्या निप्पलसारखे, म्हणून वर्षानुवर्षे प्रत्येक मिस्त्रीने त्यात इमानेइतबारे ग्रीसच भरले होते. घट्ट ग्रीस खालच्या आट्यांपर्यंत पोहोचत नाही, तेथे पाणी शिरून दांडा गंजतो आणि एके दिवशी तुटतो, तेव्हा चाक गाडीखाली दुमडते. मी तो भाग खोलला तेव्हा खालच्या चार आट्यांवर लाल गंज होता आणि ग्रीस वरच्या बाजूला मेणासारखे वाळून बसले होते. गाडी चौदा वर्षे बंद पडली म्हणूनच आम्ही वाचलो, असे कधीकधी वाटते.

आता पेट्रोलकडे येतो. इंधन बदलण्याचा अनुभव आमच्या गाड्यांना नवा नाही. १ फेब्रुवारी २००० पासून देशभरात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली आणि ते योग्यच झाले. जुन्या बिडाच्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ज्या कडेवर बसतो, त्या कडेला शिशाचा पातळ थर झीज होण्यापासून वाचवत असे. शिसे गेल्यावर ती कड झिजू लागते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटावा म्हणून ठेवलेली टॅपेटची ०.०१० इंचाची फट आपोआप कमी होत जाते, आणि शेवटी व्हॉल्व्ह पुरता बसेनासा होतो. त्यावर उपाय होता. मी एमआयडीसीतील एका वर्कशॉपमध्ये हेड नेऊन कठीण धातूच्या व्हॉल्व्ह-सीट, म्हणजे नव्या कडा, बसवून घेतल्या आणि विषय संपला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, १९९५ मध्ये मोठ्या महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले तेव्हापासून पाच वर्षे दोन्ही प्रकारचे पेट्रोल देशात विकले जात होते आणि कोणत्या नळीतून काय येते, हे ग्राहकाला ठाऊक असे.

इथेनॉलच्या बाबतीत तसे झालेले नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये, मूळ मुदतीच्या पाच वर्षे आधी, गाठले गेले आणि आज साध्या पेट्रोलच्या नळीतून हेच मिश्रण, म्हणजे ई-२०, येते. उसाला, मक्याला आणि तांदळाच्या कणीला त्यामुळे मागणी मिळते, परदेशी तेलावरचा खर्च वाचतो, हे मला पटते. आपल्याच शहराचे खासदार आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री श्री. नितीन गडकरी या धोरणाचे आग्रही पुरस्कर्ते आहेत, हेही आपण जाणतो. माझा विरोध इथेनॉलला नाही. ई-२० साठी बनवलेल्या नव्या गाडीत ते खुशाल वापरावे.

जुन्या गाडीत मात्र त्याचे काय होते, ते मी गेल्या उन्हाळ्यात पाहिले. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता. सकाळी सहाला फुटाळा तलावापर्यंत जाऊन आल्यावर, सवयीने तेलाची पट्टी काढली तर इंजिनमधील तेलाची पातळी वरच्या खुणेच्या अर्धा इंच वर गेलेली दिसली. इंजिन तेल खाते, हे सगळ्यांना माहीत आहे. ते तेल तयार करते असे मी कधी ऐकले नव्हते. पट्टी नाकाजवळ धरली तर पेट्रोलचा भपकारा आला. इंजिनच्या कुशीला बसवलेल्या पेट्रोलच्या पंपातील, ज्याला सगळे मिस्त्री एसी पंप म्हणतात, रबरी पडदा फुगून फाटला होता आणि पेट्रोल थेट तेलाच्या टाकीत उतरत होते. आमचे मिस्त्री तो पडदा उन्हात धरून म्हणाले, “काका, तळलेल्या पापडावानी फुगला ना जी हा.” असेच आणखी दोनदा गेलो असतो तर पातळ झालेल्या तेलावर बेअरिंगे गेली असती, गरम इंजिनात साचलेल्या पेट्रोलच्या वाफेने याहून वाईटही घडू शकले असते.

पडद्याचे वय झाले होते, हे मी मान्य करतो. परंतु नुकत्याच बदललेल्या रबरी नळ्याही आतून चिकट झाल्या होत्या, टाकीच्या तळाशी असलेला वर्षानुवर्षांचा साका सुटून फिल्टरमध्ये जमला होता आणि एरवी बिस्किटाच्या रंगाचे दिसणारे प्लगचे टोक पांढरे पडले होते. या तिन्हींचा अर्थ सरळ आहे. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते, बुचाच्या (कॉर्कच्या) गॅस्केटला खराब करते, टाकीतील जुना थर विरघळवते, आणि त्याच्यात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असल्याने, तसेच त्याला जळण्यासाठी हवाही कमी लागत असल्याने, कार्ब्युरेटरमधील जुन्याच मापाच्या जेटमधून (इंधनाच्या बारीक छिद्रातून) जाणारे मिश्रण इंजिनला कोरडे, म्हणजे इंधनाला कमी, पडते. संगणक असलेली गाडी हे स्वतः सांभाळते. कार्ब्युरेटरला ते कळत नाही, त्याला माणसाने जेट बदलून सांगावे लागते. शिवाय इथेनॉल हवेतील पाणी ओढून घेते. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले, की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि नळी नेमकी तळातूनच खेचते. आमच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, हे मिश्रण पंपातच वाफ होऊन गाडी चौकात उभी राहते, तो त्रास वेगळाच. एसी पंपावर ओले फडके टाकण्याचा नागपुरी उपाय मी अजून सोडलेला नाही.

आपण नेमके काय भरतो आहोत, हे पाहण्यासाठी मी घरच्या अंगणात, आसपास कोठेही विस्तव नाही याची खात्री करून, एक साधी चाचणी केली. प्रयोगशाळेतील १०० मिलीलिटरच्या काचेच्या मापात खाली १० मिलीलिटर पाणी घेतले, वर ९० मिलीलिटर पेट्रोल ओतले, बूच लावून हलवले आणि दहा मिनिटे स्थिर ठेवले. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते. पाण्याची रेघ १० वरून २७ वर आली. म्हणजे ९० मिलीलिटरमधील सुमारे १७ मिलीलिटर, अर्थात १९ टक्क्यांच्या आसपास. ज्या पंपावरून ते पेट्रोल आणले होते तेथील मुलाला मी आधी विचारले होते की यात इथेनॉल किती आहे. तो नम्रपणे म्हणाला, “काका, टँकर येते, आम्ही टाकतो.” त्याचा काही दोष नाही. त्याला कोणी सांगितलेले नाही आणि नळीजवळ तसे ठळकपणे कोठे लिहिलेलेही नव्हते.

हे सारे सरकारला अज्ञात आहे, असेही नाही. निती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इथेनॉल मिश्रणाच्या आराखड्यातच नमूद आहे की, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी (१० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी) जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज ई-२० वर अंदाजे ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. आणि त्याच आराखड्याने, जुन्या वाहनांच्या संरक्षणासाठी ई-१० उपलब्ध ठेवावे, अशी शिफारसही केली होती. शिफारस कागदावर राहिली. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, त्याविषयी मला काही म्हणायचे नाही. परंतु सरकारने आपल्याच आराखड्यातील एक ओळ अमलात आणायची ठरवली, तर त्यासाठी न्यायालयाच्या आदेशाची आवश्यकता नाही.

याला दुसरीही एक बाजू आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनांसाठी नियम केले, त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक देऊ केला, आणि नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये ठेवले. अशा नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणे यांसारख्या मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर काढता येते. रोजच्या वापराची मोकळीक राहावी म्हणून माझ्यासारखे अनेक जण साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी नूतनीकृत करतात. त्या नूतनीकरणाचे शुल्क २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढील मोटारींसाठी १० हजार झाले. मी ते कुरकुर न करता भरतो. जी गाडी वारसा म्हणून सरकारी नियमात मानली जाते आणि जिच्याकडून शुल्कही घेतले जाते, तिला मानवेल असे इंधन मात्र शहरात कोठे मिळेल याची खात्री देता येत नाही, हे विसंगत आहे. आपल्याच शहरात कडबी चौकाजवळ नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे. तेथील इंजिने उभी ठेवूनही वारसा टिकतो. मोटार तशी टिकत नाही. फार दिवस उभी राहिली की तिचे ब्रेक धरतात आणि ऑइल सील सुकतात.

दरम्यान मी माझ्या परीने जे शक्य होते ते केले. पंपाला इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा पडदा लावला, नळ्या फ्लोरो रबराच्या घेतल्या, जेट दोन मापांनी मोठे केले, टाकी सोडून आतून धुतली आणि गाडी उभी ठेवायची असेल तेव्हा टाकी काठोकाठ भरून ठेवतो, म्हणजे आत हवा आणि ओल राहत नाही. हे मला जमले, कारण मला पाने-पकड धरता येते आणि वेळ आहे. परंतु या शहरात अजूनही रोज कामाला जाणाऱ्या जुन्या स्कूटर, मोपेड आणि लहान मोटारी हजारोंनी असतील. त्यांच्या मालकांनी हा खर्च हौस म्हणून केलेला नाही, त्यांना तो परवडणाराही नाही, आणि रबर फुगले हे त्यांना गाडी बंद पडल्यावरच कळते.

म्हणून पेट्रोलियम मंत्रालयाकडे आणि तेल कंपन्यांकडे दोनच मागण्या आहेत. प्रत्येक नळीवर इथेनॉलचे प्रमाण मराठीत, दिसेल अशा अक्षरांत लिहावे. आणि नागपुरात निदान एका पंपावर ई-१० पेट्रोल, चार रुपये जास्त घेऊन का होईना, नियमित ठेवावे. श्री. गडकरी यांचे खाते वेगळे असले तरी त्यांचा शब्द या विषयात ऐकला जातो. त्यांनी तो आपल्या शहरासाठी टाकावा. तो पंप धरमपेठेतच हवा, असा आमचा हट्ट नाही. कामठी रोडला ठेवला तरी महिन्यातून एकदा तेथे जाऊन टाकी भरून येऊ. हेराल्डला तेवढे चालवणे तसेही लागतेच.

आपला,
एक जुना वाचक,
धरमपेठ, नागपूर