‘दिवसाला किती टन?’ हे हार्वेस्टरचे माप नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऊसतोडणी यंत्राला किमतीच्या 40 टक्के, कमाल 35 लाख रुपये अनुदान जाहीर झाल्यापासून गावोगाव एकच प्रश्न ऐकू येतो : दिवसाला किती टन काढते? या आकड्यात यंत्रापेक्षा रानच जास्त बोलते. एकरी 60 टनांच्या उभ्या उसात कोणतेही यंत्र शूर. लोळलेल्या 30 टनी खोडव्यात (तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसात) तेच रडते.

दीड मीटर (पाच फुटी) सरी आणि ताशी 3 किलोमीटर वेग धरला तर तासाला 4500 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 44 गुंठे तोड व्हायला हवी. चार फुटी सरीत त्याच वेगाला 35-36 गुंठेच. प्रत्यक्षात किती होते, हे घड्याळ लावून निदान चार तास नोंदावे : तोड, वळण, इनफिल्डरची (यंत्राशेजारी चालून ऊस भरून घेणाऱ्या ट्रॉलीची) वाट, चोकअप (यंत्र तुंबणे), पाती बदलणे, सगळे वेगवेगळे. 60 मीटरची सरी सव्वा मिनिटात संपते. वळायला मिनिटभर लागले की जवळजवळ निम्मा वेळ बांधावरच जातो! 200 मीटरच्या सरीत तोड चार मिनिटे, वळण मात्र तेच मिनिटभर.

डिझेल ताशी मोजू नये. इनफिल्डरची वाट पाहत यंत्र नुसते घुरघुरत उभे राहिले की ताशी खप कमी दिसतो, टनामागचा मात्र वाढतो. सपाट जागी टाकी काठोकाठ भरून सुरुवात करावी, शेवटी तिथेच पुन्हा भरावी आणि मावलेल्या लिटरांना काट्यावरच्या टनांनी भागावे.

खरी फसगत नुकसानीच्या मापात होते. तोडलेल्या सरीत चार-पाच ठिकाणी 10 मीटरची दोरी धरून पाचटाखालचा (वाळल्या पाल्याखालचा) ऊस, कांड्या आणि जमिनीवर राहिलेले बुडखे गोळा करून तोलावेत. दीड मीटर सरीत दर ठिकाणी सरासरी 1 किलो म्हणजे एकरी 270 किलो. मुळासकट उपटलेली उसाची बेटेही तिथेच मोजावीत. बेस कटरची (ऊस बुडाशी कापणाऱ्या भागाची) पाती बोथट झाली की बुडखे चिरतात आणि खोडवा विरळ फुटतो.

यंत्रातल्या पाचट बाहेर फेकणाऱ्या पंख्याने उडवलेला ऊस मात्र दोरीत सापडत नाही. पाचट कमी यावे म्हणून पंख्याचा वेग वाढवला की कांड्याही ओढल्या जातात, पात्यांवर फुटतात आणि रस पाचटावर उडून जातो. त्यासाठी शेजारच्या सारख्या सऱ्या पंख्याच्या दोन वेगांनी तोडाव्यात, वजन वेगळे करावे आणि प्रत्येक इनफिल्डरमधून दहा-दहा किलोचे नमुने निवडून पाचट वजा करावे. निव्वळ उसातला फरक हाच पंख्याचा वाटा. कारखाना पाचटाची कपात सरसकट टक्केवारीने करतो, त्यामुळे पंखा जोरात फिरला तरी कपात तेवढीच आणि ऊस मात्र शेतकऱ्याचा उडतो.

म्हणून तोडणीच्या चिठ्ठीवर टनांसोबत सरीची लांबी, प्रत्यक्ष तोडीचा वेळ, टनामागे डिझेल आणि पंख्याचा वेग हे चार रकाने छापावेत.

– एक वाचक, कराड