डुक्कर फियाटच्या दारासाठी मनापासून आभार

आजोबांच्या डुक्कर फियाटला, म्हणजे १९५० च्या दशकातल्या जुन्या फियाट ११०० ला, अखेर तिचं खरं दार मिळालं. ज्यांच्यामुळे मिळालं, त्यांतल्या बहुतेकांची नावंही मला ठाऊक नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

सगळ्यात आधी कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या दुकानातले चाचा. त्यांच्याकडे पद्मिनीचं (नंतरच्या फियाटचं) पुढचं दार पडून होतं, ते सहज खपवता आलं असतं. त्यांनी घेऊच दिलं नाही. डुक्करचं पुढचं दार उलटं उघडतं, बिजागऱ्या मधल्या खांबाला. १९६४ साली आलेल्या फियाट ११०० डी या मॉडेलपासून त्या पुढच्या खांबाला गेल्या, आणि पद्मिनीलाही तशाच राहिल्या. ‘पत्रा कितीही ठोका, हे बसणार नाही,’ म्हणत त्यांनी बिजागरीची भोकं बोट ठेवून दाखवली. एवढं कोण सांगतं?

मग ते पत्रा दुरुस्त करणारे वयस्क डेंटर. सापडलेल्या दारावर त्यांनी लोहचुंबक फिरवला. खालच्या कडेला तो धरेना, म्हणजे आत लांबी (पुट्टी) भरलेली. तेवढाच पत्रा नवा जोडून दिला.

आणि स्वतःच्या गाडीच्या दाराचा कागदी साचा काढू देणाऱ्या ताई! तुमच्यामुळे खालची गोलाई तंतोतंत जुळली.

तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार. गाडी रंगून आली की चक्कर मारायला नक्की या.