दरवर्षीचा अधिक महिना

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी तुमचं वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून कागद घेतला. बाबा, तुमचा हिशेब बरोबर होता.

दिवाळीत तुम्ही डायरी पुढे केलीत. वर्षभरात रिचार्ज तेरा. मी धड न बघताच म्हणाले, "एखादं दोनदा लिहिलं असेल." तुम्ही डायरी मिटलीत आणि फराळाची ताटली पुढे ओढलीत. जन्मभर एसटी डेपोत रोकड जुळवल्याशिवाय घरी न आलेल्या माणसाला मी हे ऐकवत होते!

गेल्या मंगळवारी माझ्यावर तीच वेळ आली. ऑफिसचा लॅपटॉप सुरूच होईना. आयटी सपोर्टचा मुलगा म्हणाला, "आधी पोर्टलवर तिकीट काढा." तिकीट म्हणजे तक्रारीची नोंद. पोर्टल उघडायचं लॅपटॉपवर. शेवटी शेजारणीच्या लॅपटॉपवरून काढलं. (एसटीचं तिकीट काढलं की माणूस उशिरा का होईना, पोचतो तरी.) दुपारी तिकीट बंद, शेरा 'समस्या सुटली', आणि लॅपटॉप तसाच काळाठिक्कर. पुन्हा फोन केला तर म्हणे, "मॅडम, तुमच्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं असेल." वाक्य ओळखीचं वाटलं. आईच्या फोनमधले पैसे कापले जातात तेव्हा मी तिला हेच म्हणते.

रात्री कॅलेंडर घेऊन बसले. तुमचा पॅक २८ दिवसांचा. १३ वेळा २८ म्हणजे ३६४. आपल्या पंचांगात अधिक महिना साधारण तीन वर्षांनी येतो, या फोन कंपन्यांचा दरवर्षी! 'ट्राय'ने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२२ च्या जानेवारीत सांगितलंय की प्रत्येक कंपनीने निदान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला भरायचा ठेवलाच पाहिजे. दुकानदार आपणहून दाखवणार नाही, तुम्ही मागा.

आईचं तर आणखी गमतीचं. तिच्या बटणांच्या फोनात नेट चालत नाही, तरी आपण रोजच्या दीड जीबीचे पैसे भरतोय. डिसेंबर २०२४ च्या नियमाप्रमाणे नुसत्या बोलण्याचे आणि एसएमएसचे पॅकही ठेवावे लागतात, मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. यावेळी तसलाच टाकू. तुमच्या डायरीत एकच ओळ.

आणि आई, ते कापले जाणारे पैसे कॉलर ट्यूनचे आहेत. कुठलातरी फोन आला असेल, 'एक दाबा' म्हणाला असेल, तू दाबलं असशील. म्हणजे दाबलं गेलं खरं, पण दाबायला लावणारा तोच ना! तुला फोन लावला की रिंगऐवजी गाणं वाजतं. मला वाटायचं तू हौसेनं लावलंयस. ते फक्त फोन करणाऱ्याला ऐकू येतं गं. पैसे तुझे आणि ऐकतोय आम्ही. १५५२२३ वर फोन केला की असल्या सेवा बंद करता येतात, फोनला पैसे पडत नाहीत.

पण लगेच करू नकोस. आधी बाबांच्या फोनवरून स्वतःच्या नंबरवर लाव, उचलू नकोस, नुसतं ऐक. आवडलं तर राहू दे.

तुमची,
धाकटी